नाकानो ते गिन्झा, व्हाया लेन्स

टोकियोच्या मेट्रोत तोझाई नावाची एक लाइन आहे. नकाशावर आकाशी रंगाची. पूर्वेकडे तिच्यावर निशी-कासाई हे स्टेशन लागतं, आणि निशी-कासाई म्हणजे टोकियोतल्या आपल्या आयटीवाल्यांचं माहेर. इथे तूरडाळ मिळते, डोसा मिळतो आणि प्लॅटफॉर्मवर मागून 'अगं, पास घेतलास का?' असं ऐकू आलं तरी कुणी दचकत नाही. ज्या एदोगावा वॉर्डात हे स्टेशन येतं, तिथल्या असेंब्लीवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. म्हणजे बघा! आता याच लाइनवर पश्चिमेला जाणारी गाडी पकडायची, कुठेही न बदलता बसून राहायचं आणि लाइन संपते तिथे उतरायचं. त्या स्टेशनचं नाव नाकानो.

जुन्या लेन्सचं वेड लागलेल्यांसाठी हा पाऊण तासाच्या आतला प्रवास म्हणजे शनिवारची वारीच. स्टेशनच्या उत्तरेकडच्या दारातून बाहेर पडलात की समोर सन मॉल नावाचा छत घातलेला बाजार आहे. चपला, चहा, औषधं, वाफाळलेले रामेनचे बोल. बाजाराच्या शेवटी नाकानो ब्रॉडवे, १९६६ साली उभी राहिलेली इमारत. आत मंगा, जुनी खेळणी आणि वापरलेली महागडी घड्याळं यांचा नुसता खच. पण आपल्याला तिथवर जायचंच नाहीये. जवळच्याच गल्लीत फुजिया कॅमेरा नावाचं दुकान आहे, १९३८ पासूनचं. तिथली काचेची कपाटं बघितली की आपण काय घ्यायला आलो होतो तेच माणूस विसरतो.

प्रत्येक लेन्सखाली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर किंमत आणि दर्जा: ए, एबी, बी. आणि बारीक अक्षरात तिची कुंडली. तीन शब्द पाठ करून जा. 'काबी' म्हणजे बुरशी, 'कुमोरी' म्हणजे धुरकटपणा, 'किझू' म्हणजे ओरखडा. जपानी दुकानदार हे सगळं स्वतःच लिहून ठेवतो. आपल्याकडच्या 'एकदम मिंट कंडिशन साहेब'ची सवय असलेल्या माणसाला ते वाचून जरा भरूनच येतं.

आणि इथेच तो प्रश्न सुरू होतो. एका कपाटात लायकाची ५० मिलिमीटरची सुमिक्रॉन. शेजारच्या कपाटात तेवढ्याच मिलिमीटरची, त्याच कॅमेऱ्यावर बसणारी फोग्टलेंडर. दोघी दिसायला चुलतबहिणी. सुमिक्रॉन नवी घ्यायची तर आज तीन हजार डॉलरच्या घरात, म्हणजे अडीच लाख रुपयांच्या पुढे. फोग्टलेंडरचं ५० मिलिमीटरचं नॉक्टन हजार डॉलरच्या आतबाहेर. आणि चीनमधल्या शेन्झेनची सेव्हन आर्टिझन्स किंवा टीटी आर्टिझन घेतलीत तर तीन-चारशे डॉलरमध्ये काम फत्ते. मग वरचे पैसे नेमके कशाचे?

ज्यांना रेंजफाइंडर म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या नेहमीच्या मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. खिडकीच्या मधोमध एक लहानसा उजळ चौकोन असतो, त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. लेन्सची रिंग फिरवायची, दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. मूळ कल्पना युद्धनौकांची. तोफ डागण्याआधी शत्रूचं जहाज किती लांब आहे ते असंच मोजायचे. जपानच्या 'यामातो' या अवाढव्य युद्धनौकेवर तब्बल १५ मीटर रुंदीचे रेंजफाइंडर होते आणि ते निप्पोन कोगाकू या कंपनीने बनवले होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खिडकी वेगळी असल्यामुळे एक भानगड होते. लेन्स फिरली की तिच्या मागची धातूची कड कॅमेऱ्यातल्या एका चिमुकल्या चाकाला ढकलते आणि त्या ढकलण्यावरून चौकोनातली प्रतिमा सरकते. म्हणजे तुमची काच कितीही भारी असू द्या, ती कड केसभर चुकली तर फोटो गंडला. ५० मिलिमीटरची, एफ १.१ अशी मोठ्या तोंडाची लेन्स पूर्ण उघडून एक मीटरवरच्या माणसाचा फोटो काढलात तर शार्प दिसणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटीमीटरचा असतो. डोळा शार्प, कान गायब. एवढ्याशा पट्ट्यात निशाणा लावायचा तर लेन्स आणि कॅमेरा यांची पत्रिका जुळायलाच हवी. लायकाच्या किमतीतला एक मोठा हिस्सा हा त्या जुळणीचा आहे. काचेचा आहेच, पण पितळेचा आणि तो पितळी भाग घासूनपुसून बसवणाऱ्या हातांचाही आहे. चिनी कंपन्यांनी यावर काढलेला तोडगा मला जाम आवडतो. काही लेन्सबरोबर डब्यात एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि फोकस तपासायचा तक्ता येतो. घ्या, तुमची तुम्हीच जुळवा!

सहा महिन्यांचा पगार

नाकानोहून आता शहराच्या दुसऱ्या भागात जाऊ. रोप्पोंगी म्हणजे आज पब, क्लब, काचेचे टॉवर आणि शुक्रवारची गर्दी. १९३३ मध्ये इथल्याच एका इमारतीत, एका भाड्याच्या खोलीत काही मंडळींनी कॅमेऱ्याची प्रयोगशाळा थाटली. गोरो योशिदा हा त्यातला उचापती माणूस. त्याने लायका आणून स्क्रू न् स्क्रू सुटा केला. त्या काळी टोकियोत लायका ४२० येनला मिळायची आणि चांगल्या कॉलेजातून निघून मोठ्या बँकेत लागलेल्या पोराचा पहिला पगार महिन्याला ७० येन असायचा. हा हिशेब कॅननच्याच इतिहासात दिलेला आहे. सहा महिने काही न खाता, न पिता, भाडं न देता पैसे साठवले तर एक लायका! ईएमआयचा शोध तेव्हा लागला असता तर तो टोकियोतच लागला असता.

त्या प्रयोगशाळेतून १९३४ साली जो नमुना निघाला त्याचं नाव होतं 'क्वानॉन'. क्वानॉन, म्हणजे जपानी लोकांची कान्नोन देवता, म्हणजेच आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ हातात घेऊन उभा असलेला पद्मपाणी आठवतोय ना? तोच हा. लेन्सचं नाव ठेवलं 'कश्यपा', बुद्धाच्या शिष्यावरून, महाकाश्यपावरून. पुढे 'क्वानॉन'चं 'कॅनन' झालं आणि १९३६ मध्ये पहिला विक्रीचा कॅमेरा आला, हान्सा कॅनन. किंमत २७५ येन. लायकापेक्षा बरीच कमी, तरी चार महिन्यांचा पगार. गंमत म्हणजे त्यावरची लेन्स कॅननची नव्हतीच. काच बनवायचं तंत्र त्यांच्याकडे नव्हतं. मग लेन्स आली निप्पोन कोगाकूकडून. नाव निकॉर. हो, आजची निकॉन! ज्या दोन कंपन्यांचे भक्त आपल्याकडे लग्नाच्या मांडवात एकमेकांकडे बघतही नाहीत, त्यातल्या एकीच्या पहिल्या कॅमेऱ्यावर दुसरीची लेन्स होती.

निशी-ओई, १९५०

शिनागावाहून योकोसुका लाइनने एकच स्टेशन पुढे गेलं की निशी-ओई येतं. टुरिस्ट इथे येत नाहीत. घरं, छोटी दुकानं, शाळेतून सायकलवर परतणारी मुलं. इथल्या एका रस्त्याचं नाव कोगाकू-दोरी, सरळ मराठीत 'प्रकाशशास्त्र पथ'. निप्पोन कोगाकूचा ओईचा कारखाना या भागातला. २०२४ मध्ये निकॉनने आपलं मुख्य ऑफिस पुन्हा इथेच आणलं आणि सोबत कंपनीचं म्युझियमही. तिकीट नाही, पण सुट्टीचे वार आधी बघून घ्या.

जून १९५० मध्ये या कारखान्यात दोन अमेरिकन फोटोग्राफर आले होते. एक 'लाइफ' मासिकाचा डेव्हिड डग्लस डंकन, दुसरा होरेस ब्रिस्टल. झालं असं होतं की जून मिकी या जपानी फोटोग्राफरने ८५ मिलिमीटरच्या निकॉरने डंकनचा एक फोटो काढला. डंकनला आधी त्यात काही विशेष वाटलं नाही. कसं वाटेल? 'मेड इन जपान' म्हणजे तेव्हा स्वस्तातली नक्कल, आज आपण ज्या सुरात 'चायना माल' म्हणतो अगदी त्या सुरात. पण मोठा केलेला प्रिंट हातात आला आणि भाऊ गप्प झाले. मग थेट ओई गाठलं. तिथे आपल्या जर्मन लेन्स आणि निकॉर समोरासमोर तपासून बघितल्या. डंकनने आपल्या लायकावर बसतील अशा निकॉर विकत घेतल्या. त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि जर्मन कॅमेऱ्यावर जपानी काच लावून हा माणूस आघाडीवर गेला. डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जपानी लेन्सवर लेख छापला. त्यानंतरचं सगळं तुम्हाला माहीत आहे.

आजच्या भाषेत सांगायचं तर डंकनने तेव्हा लायकावर थर्ड पार्टी लेन्स लावली होती. आज तीच जुनी निकॉर नाकानोच्या कपाटात कलेक्टर लोकांची वाट बघत बसलेली असते आणि तिच्या किमतीकडे बघून आपण पुढच्या कपाटाकडे सरकतो.

जपान्यांना स्वतःच्या मालाच्या या बदनामीची पुरेपूर कल्पना होती. १९५४ मध्ये त्यांनी कॅमेऱ्यांची तपासणी करणारी एक संस्थाच काढली. परदेशी जाणारा माल आधी तिथे पास व्हायचा. तुमच्या काकांकडे, मामांकडे १९६०-७० च्या दशकातला एखादा जपानी कॅमेरा असेल तर त्याच्यावर सोनेरी रंगाचा लंबगोल स्टिकर शोधा, 'पास्ड' लिहिलेला. तोच तो. ती संस्था आता हान्झोमोन स्टेशनजवळ एक कॅमेरा म्युझियम चालवते. तळघरात आहे, छोटंसं आहे आणि तासाभरात बघून होतं.

दुसरं नाकानो

आता एक मजेशीर योगायोग. जपानमध्ये आणखी एक नाकानो आहे. नागानो प्रांतात, डोंगरांच्या कुशीत. टोकियोहून शिंकान्सेनने दीड तासात नागानो, तिथून नागानो देन्तेत्सू या छोट्या रेल्वेने शिन्शू-नाकानो. ही गाडी पुढे युदानाकाला जाते. युदानाका म्हणजे गरम पाण्याच्या कुंडात डोळे मिटून बसलेली ती लाल तोंडाची माकडं. डब्यात सगळे टुरिस्ट माकडांचेच. नाकानो आलं तरी मोबाइलमधून मान वर करून कुणी बाहेर बघत नाही.

बघायला खरंच काही नाही. द्राक्षं, सफरचंदं आणि एनोकी नावाची बारीक दांड्यांची पांढरी अळंबी. आणि कोसिना. लेन्स बनवणारी ही कंपनी १९५९ पासूनची. (अळंबी म्हणजे शेवटी बुरशीच. लेन्सच्या गावात बुरशीची शेती! असो.) बरीच वर्षं कोसिनाने दुसऱ्यांच्या नावाने माल बनवला. मग १९९९ मध्ये कंपनीचे प्रमुख हिरोफुमी कोबायाशी यांनी एक उलटाच डाव टाकला. सगळं जग डिजिटलकडे धावत असताना त्यांनी फिल्मचा साधासुधा कॅमेरा काढला, बेसा-एल. सोबत १५ मिलिमीटरची एक इवलीशी वाइड लेन्स. आणि त्यावर नाव लावलं फोग्टलेंडर.

नाव भाड्याचं, पण घराणं बडं. फोग्टलेंडरची सुरुवात व्हिएन्नात १७५६ साली झाली. पुण्यात तेव्हा नानासाहेब पेशव्यांचा अंमल होता आणि फोटोग्राफीचा शोध लागायला अजून ऐंशी वर्षं होती. १८४० मध्ये त्यांनी पेट्झवालच्या गणितावर पोर्ट्रेटची लेन्स बनवली, जिच्यामुळे माणसाला तासन्‌तास पुतळ्यासारखं न बसता फोटो काढून घेता येऊ लागला. मूळ जर्मन कारखाना १९७० च्या दशकात बंद पडला, नाव तेवढं उरलं. कोसिनाने ते परवान्यावर घेतलं. आणखी ऐका. झाइसच्या रेंजफाइंडरसाठीच्या लेन्स २००५ पासून बाजारात आल्या. निळा लोगो, रुबाबदार जर्मन नावं. त्यातल्या बहुतेक याच कोसिनाने बनवलेल्या. २००४ चा जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर, एप्सन आर-डी१? त्याचाही सांगाडा कोसिनाचाच. बेसा कॅमेरे २०१५ मध्ये बंद झाले, लेन्स मात्र अजून निघतायत, आणि एकाहून एक सरस.

लायकाचं तरी सगळं वेट्झलारमध्येच झालं असं कुठे आहे? त्यांच्या कितीतरी गाजलेल्या लेन्स कॅनडात, ओन्टारियोतल्या मिडलंड गावी वॉल्टर मँडलर यांनी डिझाइन केल्या. १९७३ ची लायका सीएल तर जपानमध्ये मिनोल्टाने बनवली. तेव्हा 'जर्मन काच' हा शब्द कुणी फार भक्तिभावाने उच्चारला तर नम्रपणे विचारा, कुठली?

गिन्झाची पायरी

नाकानोहून चुओ लाइनने पाच मिनिटांत शिंजुकू. तिथे मॅप कॅमेऱ्याच्या मजल्यांवर अर्धा दिवस सहज जातो. शिंजुकूहून मारुनोउची लाइनने गिन्झा. गिन्झाला लायकाचं दुकान आहे, २००६ मध्ये उघडलेलं. लायकाने स्वतः चालवलेलं जगातलं पहिलं दुकान हेच. आत आवाज नाही. पांढरे हातमोजे घातलेला विक्रेता मखमली ट्रेवर लेन्स ठेवतो आणि दोन पावलं मागे सरकतो. किंमत सांगताना त्याचा आवाज अजिबात बदलत नाही, आपला बदलतो.

आता खरं सांगायचं तर ती लेन्स हातात घेतल्यावर काहीतरी होतं. रिंग लोण्यातून फिरल्यासारखी फिरते. अॅपर्चरची प्रत्येक टिकटिक सारखी. आणि हे नुसतं लाडाचं कौतुक नाही. लेन्स पूर्ण उघडून, रात्री, समोर निऑनचे दिवे असताना फोटो काढा. महागडी लेन्स दिव्याभोवतीची धूसर चमक आवरते, फोटोच्या कोपऱ्यातला चेहराही चेहऱ्यासारखा दिसतो. स्वस्त लेन्सवर तिथे सगळं पातळ पिठल्यासारखं होतं. फोग्टलेंडरची ३५ मिलिमीटर एफ १.४ क्लासिक छोटीशी आणि गोड, पण सरळ भिंत किंचित फुगीर दाखवते आणि अॅपर्चर बारीक केलं की तिचा फोकस जागा बदलतो. तिच्यावर प्रेम करणारे हे माहीत असूनच प्रेम करतात. डिजिटल लायकावर जुन्या वाइड लेन्स लावल्या की कडांना जांभळट झाक यायची. कोसिनाने १५ मिलिमीटरची ती लेन्स २०१५ मध्ये नव्याने डिझाइन केली तेव्हा कुठे हा त्रास गेला.

पण तेच अॅपर्चर एफ ८ वर आणा. ३५ मिलिमीटरची लेन्स, फोकस तीन मीटरवर. आता साधारण दोन ते सात मीटरपर्यंतचं सगळं शार्प आहे. रस्त्यावरचं फोटोग्राफीचं बहुतेक काम असंच चालतं. खिडकीत बघायलाही वेळ नसतो. त्या फोटोंचे प्रिंट शेजारी ठेवले तर कुठला अडीच लाखांचा आणि कुठला तीस हजारांचा हे ओळखायला मी कुणालाही पैज लावून बसवीन. आणि ज्या शिंजुकूच्या गल्ल्या आपण लेन्स घ्यायला तुडवतो, त्या गल्ल्या फोटोंतून जगभर पोचवणारे दाइदो मोरियामा वर्षानुवर्षं खिशात मावणाऱ्या रिकोच्या छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढत आले.

ओळखीतला पुण्याचा एक मुलगा तीन वर्षं निशी-कासाईत होता. बेसा कॅमेरा त्याच्याकडे होताच. प्रोजेक्ट संपत आला, शेवटचा बोनस हातात आला आणि पठ्ठ्या शिंजुकूला सुमिक्रॉनपुढे उभा राहिला. एक महिना रोज ऑफिसनंतर जाऊन बघून यायचा. दुकानातल्या माणसाने शेवटी त्याला वाकून नमस्कार करायला सुरुवात केली. सुमिक्रॉन आणि फोग्टलेंडर यांच्या किमतीतला फरक त्याने एका कागदावर लिहिला, आणि त्याच्याखाली आईबाबांच्या मुंबई-टोकियो परतीच्या तिकिटांचा आकडा. आकडे जवळपास सारखे होते. वडील त्या वर्षी रिटायर होणार होते. आईने आयुष्यात विमान एकदाच, तेही हैदराबादपर्यंत बघितलेलं. एप्रिलमध्ये दोघं आले. कुदानशिताला उतरून चिदोरिगाफुचीच्या खंदकाकाठी, चेरीच्या फांद्यांखाली, साडी आणि स्पोर्ट्स शूज घातलेली आई, तिच्यामागे टोपी सावरणारे बाबा. तो फोटो मी बघितलाय. कोपरे शार्प आहेत की नाहीत ते बघायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

दुसरी बाजूही सांगते, कारण तीही तितकीच खरी आहे. ऑफिसातल्याच एका ताईने सेकंडहँड सुमिक्रॉन घेतली. सगळे म्हणाले, वेडी आहेस. तिने सात वर्षं ती वापरली, पावसात, लडाखमध्ये, बाळाच्या बारशाला. मग विकली, घेतली होती साधारण त्याच किमतीला. तिचा खर्च किती? जवळजवळ शून्य. लायकाची जुनी लेन्स सांभाळून ठेवली तर पैसे फारसे बुडत नाहीत आणि तीस वर्षांनीही तिची दुरुस्ती करणारा सापडतो. तीनशे डॉलरची लेन्स बिघडली तर बहुतेक वेळा नवीनच घ्यावी लागते. मात्र यात अट एकच. सुरुवातीचे पैसे तुमचे स्वतःचे हवेत. क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत घेतलेल्या लेन्सचा हा हिशेब साफ उलटा होतो.

मला विचाराल तर पहिली लेन्स जपानी घ्या, ३५ किंवा ५० मिलिमीटरची, एफ २ च्या आसपासची, सेकंडहँड. चिनी मोठ्या तोंडाची लेन्स मजेसाठी बेस्ट, पण तुमच्या कॅमेऱ्याला मागच्या स्क्रीनवर बघून फोकस करायची सोय असेल तरच. फिल्मच्या कॅमेऱ्यावर ती जुळवत बसणं म्हणजे फिल्मच्या रोलचा चुराडा, आणि रोल आता स्वस्त राहिलेले नाहीत. लायका घ्यायचीच तर वापरलेली घ्या. नव्या डब्याचा वास फार महाग पडतो.

दुकानात गेलात की आपला कॅमेरा बरोबर ठेवा आणि लेन्स लावून बघायला मागा, कुणी नाही म्हणत नाही. मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती काबी, चिठ्ठीवर लिहिलेलं नसलं तरी. अॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी नको. लांबचा एखादा बोर्ड आणि जवळचा काउंटर, दोन्हीकडे तो चौकोन नीट जुळतो का बघा. पासपोर्ट खिशात असू द्या, टुरिस्टना दहा टक्के टॅक्समधून सूट मिळते. निशी-कासाईत राहणाऱ्यांना ती नाही. त्यांनी फक्त हळहळायचं. आणि परतताना आपल्या कस्टम्सची मर्यादा किती आहे ते विमानात बसण्याआधी वाचा, मुंबईला उतरल्यावर नको.

जूनमध्ये परतत असाल तर लेन्स बॅगेत तशीच ठेवून झोपू नका. टोकियोत पन्नास वर्षं स्वच्छ राहिलेल्या काचेला मुंबईचा एक पावसाळा पुरतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, दोनशे रुपयांत काम होतं. पुड्यांचा रंग बदलला की बदला किंवा तव्यावर गरम करून घ्या. आई म्हणेल तांदळाच्या डब्यात ठेव. ठेवू नका, पीठ आत जातं.